भाड्याच्या घरांचे विमे : एजंटने ऑनलाइन काय करावं आणि कुठे हात आखडावा?

चावीचा_जुडगा

नमस्कार मंडळी.

दुसऱ्यांची घरं भाड्याने देणं आणि नंतर ती सांभाळणं हा माझा व्यवसाय. भाडेकरू शोधणं, करार, डिपॉझिट, नळ गळतोय, गीझर बंद पडलाय, हे सगळं अंगवळणी पडलं आहे. हल्ली मालकांनी एक नवीन काम गळ्यात मारलंय, ते म्हणजे घराचा विमा. "तुम्ही सगळं बघताच आहात, तर पॉलिसीचंही बघा ना. आता काय, सगळं ऑनलाइनच असतं."

ऑनलाइन असतं हे खरं. पण प्रत्येक मालकाची कंपनी वेगळी, पोर्टल वेगळं, पासवर्ड वेगळा. ओटीपी मालकाच्या फोनवर जातो आणि मालक नेमका तेव्हा झोपलेला असतो नाहीतर विमानात. पॉलिसीची पीडीएफ कुणाच्या तरी जुन्या ईमेलमध्ये पडलेली. मुदत कधी संपते ते कुणालाच ठाऊक नाही. परवा एका घराची पॉलिसी मागवून वाचली, तर 'वापर' या रकान्यात 'मालक स्वतः राहतात' असं छापलेलं. त्या घरात मालक एक दिवसही राहिलेले नाहीत, सुरुवातीपासून भाडेकरूच आहेत.

तर विचारायचं हे, की तुमच्यापैकी जे एजंट आहेत ते या पॉलिसी एका जागी कशा ठेवतात? फॉर्म तुम्ही भरता की मालक? आणि क्लेमची वेळ आली तर आपण कुठवर जायचं? "ब्रोकरला देऊन टाका" हे उत्तर सोडून बोला, कारण मालक शेवटी मलाच फोन करतात.

एक्सेलवीर

माझ्याकडेही हाच कारभार आहे, त्यामुळे करतो ते सांगतो. एक शीट. घर, मालक, कंपनी, पॉलिसी क्रमांक, सुरू, समाप्त, विम्याची रक्कम, कशाकशाचं संरक्षण, आणि शेवटी 'कोण राहतं' हा रकाना. समाप्तीच्या आधी ४५ दिवस, २१ दिवस आणि ७ दिवस अशा आपोआप आठवणी लावल्या आहेत. पीडीएफचं नाव ठेवायची पद्धत ठरलेली, आधी घराचा कोड, मग वर्ष. त्यामुळे शोधाशोध नाही.

ओटीपीचं म्हणाल तर मी ऑफिसचं एक वेगळं सिम घेतलंय. पोर्टलवर सगळीकडे तोच नंबर आणि ऑफिसचाच ईमेल टाकलाय. मालकाला त्रास नाही, मलाही नाही. दहा मिनिटांत रिन्यू.

उगाच_आपलं

वाचनखूण साठवली. बाकी 'कोण राहतं' या रकान्यात खरं उत्तर लिहिणारा एजंट आजवर पाहिला नव्हता.

कलमबहाद्दर

एक्सेलवीर, शीट झकास आहे, पण सिमचा प्रकार ताबडतोब बंद करा. मी परवानाधारक ब्रोकर आहे, म्हणजे धागाकर्त्यांनी बाद ठरवलेलं उत्तर मीच. तरी ऐकून घ्या.

विम्याचा करार मालक आणि कंपनी यांच्यातला. नोंदणीकृत मोबाइल तुमचा असेल, तर कंपनीची प्रत्येक सूचना, अटी बदलल्याचं पत्र, प्रीमियम वाढल्याची नोटीस, क्लेम नाकारल्याचं पत्र, सगळं तुमच्याकडे येणार. मालकाला पत्ता नाही. उद्या वाद झाला तर मालक म्हणणार की मला कुणी कळवलंच नाही, आणि त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं असेल. वर ओटीपी टाकून दिलेली संमती कुणाची? कागदोपत्री मालकाची, प्रत्यक्षात तुमच्या ऑफिसातल्या मुलाची.

दुसरी गोष्ट परवान्याची. मालकाची पॉलिसी फाइलला लावणं, तारखेची आठवण करणं, प्लंबरचं बिल कंपनीला पाठवणं, हे कारकुनी काम झालं. पण "ही पॉलिसी घ्या, ती नको" असं सांगून मोबदला घेतलात की बहुतेक देशांत तो विम्याचा व्यवसाय ठरतो. ब्रिटनमध्ये जानेवारी २००५ पासून सर्वसाधारण विम्याची (आयुर्विमा सोडून) मध्यस्थी वित्तीय नियामकाच्या अखत्यारीत आहे. तिथले भाडे-एजंट एक तर स्वतः परवानगी घेतात, नाहीतर परवाना असलेल्या संस्थेचे नेमलेले प्रतिनिधी म्हणून काम करतात. भारतात एजंट, ब्रोकर किंवा 'पॉइंट ऑफ सेल्स पर्सन' अशी काहीतरी अधिकृत ओळख लागते, आणि कमिशनातला वाटा ग्राहकाला परत देऊन गिऱ्हाईक ओढणं १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ४१ ने बंद केलेलं आहे. तुम्ही जिथे काम करता तिथला नियम आधी बघा.

एक्सेलवीर

साहेब, मी कमिशन घेत नाही. सोय म्हणून करतो.

कलमबहाद्दर

सोय म्हणून केलेल्या कामाचीही जबाबदारी येते. फक्त पैसे येत नाहीत.

पंचनामा

मी निवृत्त सर्व्हेअर. विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करणं हे माझं काम होतं. वाद चांगला चाललाय, पण मुद्दा सिमपेक्षा खोल आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भाड्याच्या घराचा क्लेम आला की जळकी भिंत मी नंतर बघायचो. आधी पॉलिसीचं शेड्यूल, म्हणजे तपशिलाचं पान, आणि मग प्रस्तावाचा फॉर्म, म्हणजे विमा मागताना भरलेली माहिती. का, तर नुकसान डोळ्यांना दिसतंच, ते कुणी लपवत नाही. क्लेम अडतो तो फॉर्मवर. घरात कोण राहतं? एक कुटुंब की चार वेगवेगळे लोक? काही दिवसांच्या पाहुण्यांना देता का? सलग किती दिवस रिकामं असतं? बांधकाम कोणत्या वर्षाचं, छप्पर कशाचं? आधी क्लेम झालाय का? या प्रश्नांची उत्तरं धरूनच कंपनीने प्रीमियम ठरवलेला असतो.

आता ऑनलाइन फॉर्मची गंमत बघा. कागदी फॉर्मवर रकाना रिकामा राहिला तर माणूस विचारायचा. पोर्टलवर रकाना रिकामा राहतच नाही, आधीपासून काहीतरी निवडलेलं असतं. बहुतेक वेळा 'स्वतःच्या वापरासाठी'. घाईत असलेला माणूस 'पुढे' दाबतो. पुढच्या वर्षी रिन्यू करताना पोर्टल जुनीच उत्तरं उचलतं आणि "वरील माहिती बरोबर आहे" यावर टिक मागतं. टिक पडते. दहा मिनिटांत रिन्यू होतं ते असं. धागाकर्त्या ताईंना दिसलेला रकाना असाच जन्माला आला असणार, पैज लावतो.

माझ्या पाहण्यातलं एक प्रकरण. वॉशिंग मशीनला पाणी नेणारा रबरी पाइप फुटला, लाकडी जमीन फुगून आली, खालच्या घराचं छत भिजलं. नुकसान खरं, कारण विम्यात बसणारं, बिलं चोख. पण फॉर्मवर लिहिलेलं 'मालक राहतात, एक कुटुंब'. प्रत्यक्षात खोल्या वेगवेगळ्या लोकांना दिलेल्या. फॉर्म भरला होता एजंटच्या ऑफिसातून. मालक म्हणाले मी तो पाहिलाच नाही, एजंट म्हणाला मालकांनी भरायला सांगितलं. दोघंही खरं बोलत होते आणि त्याचा दोघांनाही उपयोग नव्हता, कारण कंपनीसमोर होता तो फॉर्म.

प्रत्येक ठिकाणी अशा चुकीची शिक्षा सारखी नाही. ब्रिटनच्या २०१५ च्या विमा कायद्यात चूक मुद्दाम किंवा बेपर्वाईने केलेली नसेल, तर कंपनीने खरी माहिती मिळाल्यावर जितका जास्त प्रीमियम घेतला असता त्या प्रमाणात क्लेम कापायचा, अशी तरतूद आहे. म्हणजे शून्य नाही, पण पूर्णही नाही. इतर बऱ्याच ठिकाणी पॉलिसीच रद्द होऊ शकते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. एजंटने माहिती गोळा करून द्यावी, कारण घर त्याला मालकापेक्षा जास्त ठाऊक असतं. पण उत्तरं मालकानेच भरावीत आणि 'सादर करा'चं बटणही मालकानेच दाबावं.

चावीचा_जुडगा

पंचनामा काका, पैज जिंकलात. मालकांना विचारलं, त्यांनी कर्ज घेतानाच बँकेतून पॉलिसी घेतली होती, आणि नंतर दर वर्षी फक्त पैसे कापले जात होते. तो रकाना त्यांना माहीतही नव्हता. आता कंपनीला काय कळवायचं? पॉलिसी बंद करून नवीन घ्यावी का?

पंचनामा

बंद करायची घाई नको. मुदतीच्या मधे माहिती बदलता येते, त्याला एंडॉर्समेंट म्हणतात. मालकाच्या नोंदणीकृत ईमेलवरून कंपनीला लिहायचं की अमुक तारखेपासून घर भाड्याने आहे, एकच कुटुंब राहतं, करार इतक्या मुदतीचा आहे, कृपया नोंद करून सुधारित शेड्यूल पाठवा. थोडा जादा प्रीमियम पडेल किंवा पडणारही नाही. कंपनीने "भाड्याचं घर या पॉलिसीत बसत नाही" असं कळवलं, तर नवीन पॉलिसी सुरू झाल्यावरच जुनी बंद करायची. मधे एका रात्रीचीही फट नको.

आणि फोनवर सांगून थांबू नका. "नोंद केली मॅडम" हे वाक्य क्लेमच्या वेळी कुठेही सापडत नाही. सुधारित शेड्यूल हातात आलं आणि त्यात बदल छापलेला दिसला की काम झालं.

सातासमुद्रापार

मी मालक आहे, घरापासून लांब राहतो. वरचं वाचून माझी पॉलिसी काढून पाहिली. भाड्याचं घर म्हणूनच आहे, हुश्श. पण एक समजलं नाही. 'भाड्याचं नुकसान' असं संरक्षण लिहिलंय. मागे भाडेकरूने तीन महिने भाडं थकवलं होतं तेव्हा मी हे का वापरलं नाही?

कलमबहाद्दर

कारण वापरता आलं नसतं. हा या विषयातला सगळ्यात मोठा गैरसमज आहे आणि कित्येक एजंटही तो मालकांच्या गळी उतरवतात.

'भाड्याचं नुकसान' म्हणजे आग, पूर, पाइप फुटणं अशा विम्यात बसणाऱ्या कारणाने घर राहण्याजोगं उरलं नाही, भाडेकरूला बाहेर पडावं लागलं, तर दुरुस्ती होईपर्यंतचं बुडालेलं भाडं. तेही ठरलेल्या मुदतीपुरतं. भाडेकरू धडधाकट घरात बसून भाडं देत नसेल, तर त्यासाठी 'भाडे हमी' हे स्वतंत्र संरक्षण लागतं. ते सगळीकडे मिळत नाही. मिळतं तिथे भाडेकरू ठेवण्याआधी त्याच्या उत्पन्नाची आणि आधीच्या मालकाकडची चौकशी केल्याचे कागद मागतात, आणि भाडं थकल्यावर ठरावीक दिवसांत कळवावं लागतं. इथे एजंटचं काम खरं महत्त्वाचं. चौकशीचे कागद करारानंतरच्या तारखेचे असतील तर ती हमी गेलीच म्हणून समजा.

तसंच भाडेकरूने मुद्दाम केलेली मोडतोड. दगड मारून काच फोडणारा बाहेरचा असेल तर एक नियम, भाडेकरू असेल तर दुसरा. बऱ्याच पॉलिसींत भाडेकरूने केलेली चोरी आणि नासधूस वगळलेली असते, किंवा वेगळे पैसे भरून घ्यावी लागते.

दुसरा_मजला

मी या धाग्यावरचा बहुधा एकटाच भाडेकरू. मालकाचा विमा आहे म्हणजे माझा लॅपटॉप, कपडे, गाद्या यांचंही संरक्षण आहे असं आमच्या एजंटने सांगितलं होतं. खरं का?

पंचनामा

नाही. मालकाच्या पॉलिसीत इमारत आणि मालकाच्या मालकीचं सामान, म्हणजे त्यांनी बसवून दिलेलं कपाट, फ्रिज, पडदे. तुमच्या वस्तूंसाठी तुमची स्वतःची पॉलिसी लागते. हे एजंटने करार करतानाच लेखी सांगावं, कारण आग लागल्यावर हा संवाद फार वाईट होतो.

कलमबहाद्दर

आणखी एक बाजू, जी भाडेकरूंना कुणी सांगत नाही. आग तुमच्या चुकीने लागली आणि कंपनीने मालकाला पैसे दिले, तर कंपनी मालकाच्या जागी उभी राहून तुमच्याकडून वसुली करू शकते. अमेरिकेत १९७५ मध्ये ओक्लाहोमातल्या अपील न्यायालयाने सटन विरुद्ध जोंडाल खटल्यात भाडेकरूला मालकाच्या आगविम्यात सहभागी धरलं आणि कंपनीला अशी वसुली नाकारली. तिथली बरीच राज्यं आज तो मार्ग धरतात, काही धरत नाहीत, काही करारातली भाषा बघतात. इतर देशांत हा आसरा मिळेलच असं नाही. त्यामुळे भाडेकरूने सामानाबरोबर स्वतःच्या दायित्वाचंही, म्हणजे आपल्या चुकीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देण्याचंही, संरक्षण घ्यावं हे बरं.

दुसरा_मजला

बाप रे. धन्यवाद. एजंटला हा धागा पाठवतोय.

एक्सेलवीर

सिमचा मुद्दा मान्य, पण मग व्यवहारात करायचं काय ते सांगा. मालक दुसऱ्या खंडात. ओटीपी दोन-तीन मिनिटं टिकतो. मी त्यांना रात्री उठवू का?

सातासमुद्रापार

मी सांगतो, कारण मीच तो रात्री उठवला जाणारा मालक. आमच्या एजंटने यावर चांगला तोडगा काढला. पोर्टलचं लॉगिन माझं, नोंदणीकृत ईमेल आणि फोन माझा. पण कंपनीला मी लेखी अधिकारपत्र दिलंय की या एजंटला क्लेमसंबंधी माहिती द्यावी, सर्व्हेअरला घर दाखवण्याचा अधिकार त्यांना आहे, आणि पत्रव्यवहाराची प्रत त्यांना पाठवावी. पैसे स्वीकारणं, तडजोड मान्य करणं आणि पॉलिसी बदलणं हे अधिकार त्यात नाहीत, मुद्दाम वगळलेत. माझ्या ईमेलमध्ये नियम लावलाय, त्या कंपनीकडून आलेलं पत्र आपोआप त्यांनाही जातं. पण ओटीपी ज्या फोनवर येतो तो माझ्याच खिशात.

रिन्यूसाठी एजंट मला एक पानाचा तक्ता पाठवतात. गेल्या वर्षी काय लिहिलं होतं, आता काय बदललं, आणि बदल असेल तिथे पिवळा रंग. मी तो वाचून माझ्या सवडीने रिन्यू करतो आणि पावती त्यांना पाठवतो. रात्री उठायची वेळ येत नाही, कारण ते महिनाभर आधी पाठवतात.

एक्सेलवीर

पिवळा रंग चोरला. उद्यापासून सुरू.

किल्लीकुलूप

काही पोर्टल आता एजंटसाठी वेगळं लॉगिन देतात. त्यात अनेक मालकांच्या पॉलिसी एका पडद्यावर दिसतात, प्रत्येक मालकाची परवानगी वेगळी नोंदलेली असते, आणि कोणी कधी काय बदललं त्याची नोंद राहते. असं मिळत असेल तर तेच घ्या. मालकाचा पासवर्ड वहीत लिहून ठेवण्यापेक्षा शंभर पटीने बरं. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं लॉगिन त्याच दिवशी बंद करायचं हेही लक्षात असू द्या. मालकांची ओळखपत्रं, बँकेचे तपशील, सह्या, सगळं त्या फोल्डरमध्ये असतं. आमच्या ओळखीच्या एका ऑफिसात सोडून गेलेल्या माणसाला फोल्डर महिनोन् महिने उघडत होता, आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

अजून एक, 'पॉलिसी आज संपत आहे, इथे पैसे भरा' अशा खोट्या लिंका एजंटांनाच जास्त येतात, कारण आपले ईमेल सगळीकडे पडलेले असतात. मुदतीची तारीख स्वतःच्या शीटमध्ये असली की अशा संदेशाने धांदल उडत नाही. पैसे नेहमी कंपनीच्या साइटवर स्वतः जाऊनच भरायचे, आलेल्या लिंकवरून नाही.

कलमबहाद्दर

आणि पैसे मालकाच्या खात्यातून जाऊ द्यात. भाड्यातून वळते करून एजंटच्या खात्यातून भरणं वरवर सोपं वाटतं, पण मधे कुठे ते अडकले तर काय? भारतात विमा कायद्याचं कलम ६४-व्हीबी सांगतं की प्रीमियम मिळाल्याशिवाय, किंवा नियमात बसेल अशी हमी दिल्याशिवाय कंपनीवर जोखीम येत नाही. एजंटला दिलेले पैसे म्हणजे कंपनीला दिलेले पैसे, असं तुम्ही कंपनीचे अधिकृत नसाल तर धरता येत नाही. क्लेमचे पैसेही थेट मालकाच्या खात्यात. घरावर कर्ज असेल तर पॉलिसीवर बँकेचं नाव असतं, मग मोठ्या क्लेममध्ये बँकही पक्ष असते. तुमच्या शीटमध्ये 'कर्ज' हा रकाना नाहीये, घाला.

चावीचा_जुडगा

विम्याची रक्कम कशी ठरवायची यावरही कुणीतरी लिहा ना. एका मालकाने घर ज्या किमतीला घेतलं तीच रक्कम टाकलीय, दुसऱ्याने प्रीमियम कमी यावा म्हणून निम्मी.

पंचनामा

दोन्ही चूक. विमा जमिनीचा नसतो. घर पडलं तरी जमीन तिथेच राहते. रक्कम धरायची ती घर पुन्हा बांधायला आज किती खर्च येईल त्याची. त्यात मलबा उचलणं आणि आर्किटेक्टची फीसुद्धा येते. बाजारभाव टाकला तर फुकट जादा प्रीमियम जातो.

कमी टाकली तर त्याहून वाईट. समजा पुन्हा बांधायला १०० लागतात आणि विमा ६० चा आहे. स्वयंपाकघरात आग लागून ३० चं नुकसान झालं. मालकाला वाटतं ६० पर्यंत विमा आहे म्हणजे ३० पूर्ण मिळतील. सरासरीचं कलम असलेल्या पॉलिसीत ६० टक्केच विमा उतरवला म्हणून नुकसानीचेही ६० टक्केच मिळतात, म्हणजे १८. उरलेले १२ खिशातून. हे कलम सगळीकडे नसतं. भारतात १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी आलेल्या 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित पॉलिसीत कमी विम्याची ही कपात काढून टाकलेली आहे. भाड्याचं नुकसानही त्यात मुळातच धरलंय. मात्र साधी घरफोडी तिच्या मूळ संरक्षणात येत नाही. विम्यात बसणारी दुर्घटना घडली आणि त्यामुळे सात दिवसांच्या आत चोरी झाली, तर ती धरतात. "घराचा विमा आहे म्हणजे चोरीही आलीच" असं एजंट बोलून जातात तेव्हा मला घाम फुटतो.

फ्लॅट असेल तर आणखी एक प्रश्न आधी विचारायचा. इमारतीचा विमा सोसायटीने किंवा इमारतीच्या व्यवस्थापनाने काढलाय का? काढला असेल तर मालकाला आतल्या भागाचा आणि सामानाचाच बघावा लागेल. तीच भिंत दोनदा विम्यात आली म्हणून पैसे दोनदा मिळत नाहीत.

अमेरिकेत काम करणाऱ्यांसाठी: मालक राहतात त्या घराची नेहमीची पॉलिसी भाड्याच्या घराला चालत नाही, तिथे डीपी-१, डीपी-२, डीपी-३ असे प्रकार असतात. डीपी-१ मध्ये मोजकीच कारणं आणि भरपाई साधारणपणे घसारा वजा करून. डीपी-३ मध्ये इमारतीसाठी जे वगळलेलं नाही ते सगळं आत. पोर्टल सगळ्यात स्वस्त प्रीमियम वर दाखवतं, आणि तो बहुधा डीपी-१ चा असतो.

उगाच_आपलं

थोडक्यात, स्वस्त आणि वर दिसतंय ते दाबू नये. हे बाकी सगळ्याच साइटना लागू आहे.

सातासमुद्रापार

रिकाम्या घराचं काय? भाडेकरू गेल्यावर नवा येईपर्यंत माझं घर दीड-दोन महिने पडून असतं.

पंचनामा

महत्त्वाचं विचारलंत. बहुतेक पॉलिसींत सलग रिकामं राहण्याची मर्यादा असते, साधारण ३० ते ६० दिवसांची. ती ओलांडली की चोरी, नासधूस, पाण्याची गळती यांचं संरक्षण थांबतं किंवा आटतं. कारण उघड आहे. माणसं राहत असतील तर गळका नळ संध्याकाळी कळतो, रिकाम्या घरात तो महिनाभर वाहतो. कंपनीला आधी कळवलं तर मुदत वाढवून मिळू शकते, पण अटी घालतात. मुख्य पाणी बंद ठेवा, दर आठवड्याला कुणीतरी आत जाऊन बघा, त्याची नोंद ठेवा.

ही नोंद एजंटनेच ठेवायची असते, आणि इथे फोन उपयोगी पडतो. दारात शिरल्यावर एक फोटो, मुख्य व्हॉल्व्ह बंद आहे त्याचा एक, पाण्याच्या मीटरवरच्या आकड्याचा एक. दोन भेटींत मीटरचा आकडा तोच असेल तर गळती नाही, याहून सरळ पुरावा मी पाहिला नाही. फोटो मूळ स्वरूपात ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की त्यातली तारीख-जागेची अंतर्गत माहिती निघून जाते आणि चित्रही दाबलं जातं. सर्व्हेअरसमोर तसा फोटो अगदीच निरुपयोगी नसतो, पण वाद घालायला जागा राहते.

भाडेकरू येताना आणि जाताना घराच्या स्थितीचा जो फोटोंसह अहवाल करता ना, तोच क्लेमच्या वेळी सोन्याचा. जमीन आधीच फुगलेली होती की आता फुगली, हे दुसरं कुठलंही कागदपत्र सांगू शकत नाही.

चावीचा_जुडगा

आणि प्रत्यक्ष नुकसान झालं त्या दिवशी? क्रम सांगा.

पंचनामा

आधी माणसं सुरक्षित, मग पाणी-वीज बंद. नुकसान आणखी वाढू न देणं हे विमा घेणाऱ्याचं कर्तव्य असतं, त्यामुळे "सर्व्हेअर येईपर्यंत हात लावू नका" याचा अर्थ गळतं छत तसंच गळू द्या असा नाही. ताडपत्री घाला, पाइपला तात्पुरती टोपी बसवा, पण त्याआधी फोटो काढा, आणि काढलेला तुटका भाग फेकू नका. तो फुटलेला पाइपच कारण सिद्ध करतो. एकदम फुटला तर विमा, वर्षभर झिरपत होता तर झीज, आणि झीज कुणी भरून देत नाही. प्लंबर कौतुकाने जुना पाइप घेऊन जातो, त्याला थांबवा.

मग त्याच दिवशी कंपनीला ऑनलाइन सूचना. कारण ठाऊक नसेल तर अंदाज ठोकायचा नाही. "छतातून पाणी आलं, कारण तपासायचं आहे" एवढंच. पहिल्या सूचनेत "जुनी गळती असावी" असं भाबडेपणाने लिहिणारे लोक मी पाहिलेत, मग ते वाक्य शेवटपर्यंत फाइलला चिकटून राहतं. क्लेम क्रमांक आला की तुमच्या शीटमध्ये. मोठी दुरुस्ती मात्र पाहणी होईपर्यंत थांबवा. भारतात २०२४ च्या नियमांनुसार क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यावर कंपनीने ७ दिवसांत निर्णय घ्यायचा. त्यामुळे फार लांबलं तर तारखा दाखवून विचारता येतं.

एक्सेलवीर

शीटमध्ये वाढवलेले रकाने: कर्ज आणि बँक, सोसायटीचा विमा आहे का, रिकामं घर कधीपासून, कंपनीची रिकामेपणाची मर्यादा, भाडेकरूची मोडतोड आत की बाहेर, शेवटची एंडॉर्समेंट, अधिकारपत्राची तारीख. 'रिकामं कधीपासून' मध्ये तारीख पडली की उलटी मोजणी सुरू होते आणि मर्यादेच्या दहा दिवस आधी ओळ लाल होते. मालकांची नावं काढून कोरी प्रत हवी असेल तर खासगी निरोप करा.

सिम बंद करायला घेतलंय. प्रत्येक मालकाचा फोन परत जोडायचा म्हणजे प्रत्येक पोर्टलवर केवायसी पुन्हा, डोकं उठलंय.

चावीचा_जुडगा

मला कोरी प्रत पाठवा. आणि अपडेट: त्या 'मालक स्वतः राहतात' वाल्या मालकांनी काल स्वतःच्या ईमेलवरून कंपनीला लिहिलं. कंपनीने भाडेकराराची प्रत आणि किती जण राहतात ते मागितलंय. करार माझ्याकडे आहे, पण भाडेकरूंचा एक भाऊ गेले काही महिने तिथेच राहतोय आणि त्याचं नाव करारात नाही. तोही मोजायचा ना?

पंचनामा

राहतो तो मोजायचा. आधी मालकांना सांगा, मग करारात नाव घाला, मग कंपनीला कळवा.